बागेत दगडी शिल्प बसवायचंय? गोव्यातून वारंवार येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

पेडण्यापासून काणकोणापर्यंत लोक फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. मी एक फोटो पाठवते. अशी मूर्ती करायला किती लागतील?

नव्वद टक्के बोलणी इथूनच सुरू होतात आणि इथेच अडतात. फोटोवरून दर सांगता येत नाही. सांगितला तरी तो पुढे बदलणारच. आमचा क्रम उलटा असतो: आधी जागा, मग दगड, आकार सगळ्यात शेवटी. इंटरनेटवर दिसणारी मूर्ती बहुतेक वेळा कोरड्या हवेत, सपाट हिरवळीवर उभी असते. तुमची उभी राहणार ती माडांच्या सावलीत, तांबड्या मातीत, चार महिन्यांच्या पावसात.

म्हणून मूर्तीच्या फोटोआधी जागेचे फोटो पाठवा: एक सकाळचा, एक संध्याकाळचा आणि एक बाल्कांवावर (घरापुढच्या बसायच्या ओट्यावर) बसून काढलेला, कारण शिल्प बहुतेक वेळ तिथूनच बघितलं जाणार. फाटकाची रुंदी कळवा. वर विजेच्या तारा आहेत का आणि जोराच्या पावसानंतर पाणी कुठून वाहतं, तेही लिहा.

आणखी एक करा. जाड पुठ्ठा किंवा बांबूवर ताणलेलं जुनं चादरीचं कापड घ्या, शिल्पाच्या उंची-रुंदीएवढा आकार कापा आणि ठरलेल्या जागी आठवडाभर उभा करून ठेवा. दुकानात मोठी वाटणारी तीन फुटांची मूर्ती मोकळ्या अंगणात हरवून जाते. सहा फुटांची मूर्ती लहान परसात दाराशी पाहुणा येऊन उभा असल्यासारखी वाटत राहते. हे पैसे देण्याआधी कळलेलं बरं.

2. गोव्याच्या हवेत कुठला दगड टिकतो?

गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. किनाऱ्याजवळ खारी हवा वेगळीच. दगड निवडताना हे दोन्ही धरायला हवं.

जांभा आपल्या पायाखालचाच. खाणीतून ताजा काढला की मऊ असतो, उघड्यावर राहिला की घट्ट होतो. लोह आणि अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांमुळे त्याला तो तांबूस रंग येतो. पण तो सच्छिद्र असतो. नाक, बोटं, दागिन्यांची किनार असं बारीक काम त्यात धरत नाही. आज कोरलेलं नाक दोन पावसाळ्यांत झिजतं. जांभ्यात करायचं तर ढोबळ, मोठं काम करावं. लोटलीच्या बिग फूटमध्ये महेंद्र अल्वारिस यांनी जांभ्यातच कोरलेली संत मीराबाई आहे, साधारण 14 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद. जांभ्याला ते प्रमाण शोभतं. आणि उघडा जांभा पावसाला किती कच्चा पडतो ते जुन्या गोव्यात दिसतं. बॉम जेझू बासिलिकेचं बाहेरचं प्लास्टर 1950 च्या दशकात काढलं गेलं. तेव्हापासून तिथल्या जांभ्याच्या झिजेची काळजी सुरू आहे ती आजवर.

त्याच बासिलिकेच्या दर्शनी भागावरचं काळं कोरीव काम मात्र अजून रेखीव आहे. तो बेसॉल्ट. जुन्या गोव्याच्या चर्चसाठी असा दगड वसईहून आणत असत. बेसॉल्ट जड, कणखर आणि पावसाला दाद न देणारा. कोरायला चिवट असल्यामुळे मजुरी वाढते.

आमच्याकडे सगळ्यात जास्त काम होतं ते कर्नाटकातून येणाऱ्या काळ्या आणि करड्या दगडात. ग्रॅनाइट कठीण असतो आणि बागेसाठी सर्वांत निर्धास्त. मऊ काळसर दगड, ज्याला सर्रास सोपस्टोन म्हणतात, त्यात केसाएवढी बारीक नक्षी निघते. होयसळांची मंदिरं याच कुळातल्या दगडाची आहेत. पण लहान मुलं किंवा कुत्री असलेल्या बागेत त्याला ओरखडे पडतात. तो भिंतीच्या आडोशाला किंवा उंच चौथऱ्यावर ठेवावा.

3. मग पांढरा संगमरवर नकोच का? मला तोच आवडतो.

बाहेर नको, असं आमचं स्पष्ट मत आहे. मकराण्याचा असला तरी नको. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं आणि ते पृष्ठभाग हळूहळू विरघळवतं. आधी चमक जाते, मग हात फिरवला की साखरेसारखे कण सुटतात. त्यात शेवाळाचे हिरवे ओघळ आणि वरून जांभळं पडली तर जांभळे डाग, ते सगळे पांढऱ्यावर उठून दिसणार. सोप्यात किंवा छपराखाली ठेवणार असाल तर जरूर घ्या.

राजस्थानी वाळूच्या दगडाबद्दलही विचारणा होते. तो थरांचा दगड. थर आडवे ठेवून कोरला नाही तर खारी हवा थरांत शिरते आणि पापुद्रे सुटतात. समुद्रापासून लांब, डोंगराकडच्या गावात चालेल.

4. दगड चांगला आहे हे मला कसं कळणार?

कोरायला घेण्याआधी बघायला या, आणि कोरड्या दिवशी या. हातोडीने हलकेच वाजवा. खणखणीत आवाज आला तर दगड अखंड, बद्द आवाज आला तर आत कुठेतरी चीर. मग दगड पूर्ण भिजवा आणि वाळू द्या. बाकी पृष्ठभाग वाळून फिका होतो, पण चीर असेल तिथे ओलावा टिकून काळी रेघ राहते. कधी ती केसाएवढी असते. तिच्यावर खडूने खूण करा आणि पाथरवटाला विचारा, ही मूर्तीच्या कुठल्या भागात येणार. चौथऱ्यात गेली तर चालते. मानेत किंवा मनगटात येत असेल तर दुसरा दगड मागा.

5. चार फुटांच्या मूर्तीचं वजन किती भरेल? फाटकातून आत कशी न्यायची?

ग्रॅनाइटचा एक घनफूट साधारण 76 किलोचा. चार बाय दोन बाय दोनचा ठोकळा म्हणजे 16 घनफूट, म्हणून सुमारे 1,200 किलो. कोरून झाल्यावर आकारानुसार यातला निम्मा ते दोनतृतीयांश उरतो. बेसॉल्ट याहून थोडा जड, जांभा बराच हलका.

तेव्हा चार माणसं लावून ढकलू, हा विचार सोडा. रस्ता रुंद असेल तर हायड्रा (चाकांची क्रेन) लागते. बार्देशातल्या कित्येक जुन्या वाड्यांत ती वळतच नाही, तिथे टेम्पोतून उतरवून लाकडी फळ्या आणि पाइपांवरून सरकवत न्यावी लागते आणि तिकाटीला चेन-पुली लावून उभी करावी लागते. बांधायला तारेचा दोर वापरू देऊ नका, कडा फुटतात. रुंद कापडी पट्टे वापरावेत आणि पट्ट्याखाली गोणपाट घालावं.

6. पाया घालावा लागतो का? नुसती जमिनीवर ठेवली तर?

अर्धा फुटाचा बागेतला बेडूक असेल तर ठेवा. टनाभराची मूर्ती ठेवलीत तर पहिल्या पावसाळ्यात ती एका अंगाला कलते.

मूळची जांभ्याची जमीन असेल तर काम सोपं, थोडं खोदलं की घट्ट थर लागतो. भराव टाकलेल्या किंवा खाजनाजवळच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेताजवळच्या) जमिनीत घट्ट थर लागेपर्यंत खाली जावं लागतं आणि सळ्यांची जाळी घालून काँक्रीट करावं लागतं. चौथरा जमिनीपासून निदान दीड फूट वर घ्या, म्हणजे पावसाच्या थेंबांनी उडणारी तांबडी माती मूर्तीवर येणार नाही. वरचा पृष्ठभाग किंचित उतरता असावा, पाणी साचता कामा नये.

आता महत्त्वाचं. मूर्ती आणि चौथरा जोडायला आत जो दांडा घालतात, तो साध्या लोखंडाचा असेल तर पुढे मूर्ती फुटेल. लोखंड गंजलं की फुगतं आणि दगडाला आतून फोडतं. बाहेरून वर्षानुवर्षं काही दिसत नाही, मग एक दिवस पायापाशी उभी चीर येते. 316 ग्रेडचं स्टेनलेस स्टील घाला. दांड्यावर वाचवलेले पैसे सगळ्यात महाग पडतात, आणि गवंडी हमखास विचारेल, "साधी सळई चालेल ना?" नाही चालणार.

7. खर्चात काय काय धरायचं आणि पैसे कसे द्यायचे?

दगड, कोरीव काम, वाहतूक, पाया, उभारणी. बहुतेक कामांत नुसत्या दगडाचा वाटा लहानच असतो, खरा खर्च हातांचा. म्हणून स्वस्त दगड घेऊन फारसं वाचत नाही. कठीण दगड, बारीक नक्षी आणि सुटे अवयव (उगारलेला हात, हवेतली सोंड) यांनी दर चढतो. एकसंध, मिटलेला आकार स्वस्त पडतो आणि टिकतोही जास्त.

पैसे टप्प्यांनी द्या: दगड निवडल्यावर, मातीचा नमुना मंजूर झाल्यावर, ढोबळ आकार निघाल्यावर आणि जागेवर बसल्यावर. शेवटचा हप्ता मोठा ठेवा. मातीच्या नमुन्याला फाटा देऊ नका. मातीत मान वळवायला दहा मिनिटं लागतात, दगडात वळवता येत नाही.

8. पूर्ण हाताने कोरलेलं हवंय. मशीनचं नाही ना?

ग्राइंडर आणि हवेच्या दाबावर चालणारी छिन्नी आज सगळेच वापरतात, त्यात फसवणूक काही नाही. फसवणूक तेव्हा, जेव्हा सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) पूर्ण कापलेलं काम वरवर टाकी मारून हातकाम म्हणून विकतात. खोलगट भागात बोट फिरवा. सगळीकडे एकसारख्या, समांतर रेघा लागल्या तर विचारा. महाबलीपुरम किंवा कारकळच्या बाजूच्या कारागिरांकडून मागवत असाल तर अर्धवट कामाचे फोटो दर आठवड्याला मागा.

9. गणेश चतुर्थीपर्यंत मिळेल का?

हा प्रश्न जूनमध्ये येतो. नाही मिळणार. चार फुटांची ग्रॅनाइटची मूर्ती म्हणजे काही महिन्यांचं काम. आणि झाली तरी भर पावसात हायड्रा तुमच्या बागेत रुतणार. छपराखालचं कोरीव काम पावसात थांबत नाही, म्हणून पावसाळ्याच्या तोंडाशी काम द्यावं, दसऱ्यानंतर पाया घालावा आणि त्यानंतर कोरड्या दिवसांत उभारणी करावी.

10. आमच्याच बागेत बसून कोरून द्याल का? मुलांना बघायला मिळेल.

जांभ्याचं काम असेल तर देऊ, त्यात मजाही येते. ग्रॅनाइट किंवा वाळूचा दगड असेल तर नाही. त्यांच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात साचली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. कार्यशाळेत पाणी मारत कापतात, मास्क लावतात, तरी पाथरवटांना तो धोका असतोच. मुलांना एखाद्या सकाळी इकडे घेऊन या, लांबून दाखवू.

11. वास्तूप्रमाणे ईशान्येला जड वस्तू नको म्हणतात. मग कुठे बसवू?

तुमच्या भटजींना पाया खणण्याआधी विचारा, नंतर नाही. आमचा नियम एकच, माडाखाली नको. नारळ पडला तर नाक जातं, झावळी पडली तरी बोटं जातात. फणसाचंही तेच. आंब्याखाली बसवली तर चिकटा आणि त्यावर काळी बुरशी ठरलेली.

12. पहिल्याच पावसात मूर्ती हिरवी झाली. अ‍ॅसिडने धुऊ का?

नको! फरशीचं अ‍ॅसिड दगड खातं. ब्लीचिंग पावडरही नको, तिचे क्षार आत शिरतात. पाऊस ओसरल्यावर साधं पाणी आणि नायलॉनचा मऊ ब्रश. तारेचा ब्रश वापरलात तर त्याचे बारीक कण अडकून गंजतात आणि तांबडे ठिपके उठतात. प्रेशर वॉशर मूर्तीपासून लांब ठेवा, जांभ्यापासून तर फारच लांब.

काही जण चमकण्यासाठी खोबरेल चोळतात. देवळातल्या मूर्तीला रोज अभिषेक होतो, ती रोज पुसली जाते. बागेत तेलावर धूळ आणि मुंग्या बसतात, एवढंच. आणि थोडं शेवाळ राहिलं तर राहू द्या. बागेतल्या दगडाला ते शोभतं.

13. कमळातून पाणी पडणारं कारंजं करता येईल?

येईल, पण पाइपासाठीचं भोक कोरण्याच्या आधीच पाडावं लागतं, नंतर पाडताना दगड तडकू शकतो. विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर धारेखाली तांबडा पट्टा पडतो, पाणी आधी तपासून घ्या.

कारंजं नसलं तरी पाण्याचा विचार कराच. मूर्तीची ओंजळ, मांडी, कमळाची वाटी यांत पावसाचं पाणी साचतं आणि आठवड्याभरात डासांच्या अळ्या दिसतात. गोव्यात डेंगी काही नवा नाही. अशा प्रत्येक खोलगट जागेला तळाशी बोटाएवढी निचऱ्याची वाट ठेवायला सांगा.

14. बागेत गणपती बसवला तर रोज पूजा करावी लागेल का?

प्राणप्रतिष्ठा केली तर घरच्या देवासारखं सगळं आलं. म्हणून बरेच जण विधी न करता शोभेचं शिल्प म्हणून ठेवतात. तरीही घरातल्या आईला किंवा सासूबाईंना आधी विचारा. मूर्ती आल्यावर पहिल्या दिवशी त्याच जास्वंद वाहतात आणि मग शोभेचं शिल्प शोभेचं राहत नाही. गावच्या राखणदाराचं किंवा वेताळाचं रूप बागेत हवं असेल तर गावकऱ्यांशी बोलून घ्या. तो मान गावाचा असतो.

15. वडिलांचा पुतळा दगडात होईल का?

होईल, पण चेहऱ्याचं साम्य दगडात आणणं सगळ्यात अवघड. समोरून, दोन्ही बाजूंनी आणि पाठीमागून काढलेले फोटो लागतात. बहुतेकांकडे एकच, हार घातलेला पासपोर्ट फोटो असतो. चष्मा तर दगडात कधीच चांगला दिसत नाही. हुबेहूब चेहरा हवा असेल तर ब्राँझचा विचार करा. किंवा पुतळ्याऐवजी त्यांच्या आवडीच्या झाडाखाली नाव कोरलेलं दगडी बाक. हे आम्ही सुचवतो आणि पुष्कळांना पटतं.

16. कोरताना दगड फुटला तर नुकसान कोणाचं?

ताबा देईपर्यंत शिल्पकाराचं, असं करारात लिहून घ्या. वाहतुकीचा विमा कोण काढणार तेही लिहा. फुटलेला तुकडा इपॉक्सी आणि त्याच दगडाची पूड घालून चिकटवता येतो, नीट केलं तर दिसतही नाही. पण चिकटवलं असेल तर तुम्हाला सांगितलंच पाहिजे आणि किंमत उतरली पाहिजे. चीर दगडातच होती की काय, यावर वाद नको म्हणून प्रश्न 4 मधली तपासणी दोघांनी मिळून करा.

17. पैसे मी दिले. मग त्या डिझाइनवर हक्क माझाच ना?

मूर्ती तुमची. डिझाइनचा कॉपीराइट मात्र, लेखी करार नसेल तर, शिल्पकाराकडेच राहतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राबाबत किंवा छायाचित्राबाबत ग्राहकाला जो हक्क मिळतो, तो शिल्पाला लागू नाही. म्हणजे त्याच डिझाइनच्या छोट्या प्रती करून तुमच्या होमस्टेत विकता येणार नाहीत. आणि शिल्पकार हवं तर तीच मूर्ती दुसऱ्यासाठी करू शकतो. एकमेव हवी असेल तर करारात तसं वाक्य घाला.

याशिवाय कलाकाराचा नैतिक हक्क वेगळा असतो. अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारने काढून गोदामात टाकलं होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 मध्ये ते त्यांना परत द्यायला लावलं आणि पाच लाख रुपये भरपाई दिली. तेव्हा नंतर मूर्तीचा हात कापून दिवा बसवायचा विचार असेल तर आधी शिल्पकाराला फोन करा.

18. तांबडी सुर्लाच्या जुन्या देवळातल्या नक्षीची नक्कल चालेल का? आणि खरी जुनी मूर्तीच मिळाली तर?

शतकांपूर्वीच्या कामावर कॉपीराइट नाही, नक्कल चालेल. फोटोंवरून करावी. संरक्षित स्मारकात जाऊन साचे घ्यायचे नाहीत. वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड) हवा असेल तर जुन्या गोव्यातल्या संग्रहालयात जहाजांची लढाई कोरलेले वीरगळ आहेत, ते बघून या. बागेच्या भिंतीत असा उठाव फार छान दिसतो.

खरी जुनी मूर्ती विकत घेऊ नका. शंभर वर्षांहून जुनी दगडी मूर्ती 1972 च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरते. तिची नोंदणी लागते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. कागद नसताना कोणी "घाटावरच्या पडक्या देवळातली" म्हणून दाखवत असेल तर ती बहुधा चोरीची असते, नाहीतर चहाच्या पाण्यात मुरवलेली नवी.

19. परवानगी लागते का?

अंगणातल्या लहान शिल्पाला सहसा कोणी विचारत नाही. तीन ठिकाणी मात्र आधी विचारा: सीआरझेडमधली (किनारा नियमन क्षेत्रातली) जागा, हेरिटेज भाग आणि संरक्षित स्मारकाचा परिसर. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढे आणखी 200 मीटरपर्यंत परवानगी लागते. तुमचा चौथरा बांधकामात मोडतो की नाही हे पंचायतीकडून लेखी घ्या. चिरे (जांभ्याचे ठोकळे) घेताना खाणीची पावती मागा. बेकायदा चिरेखाणींवर कारवाई होते तेव्हा ट्रक रस्त्यात अडकतो.

20. घर पुढे विकलं तर मूर्ती नेता येईल?

पायात पक्की केलेली वस्तू जमिनीबरोबर गेली असं समोरचा म्हणू शकतो. न्यायची असेल तर विक्रीखतात तसं लिहा. भाड्याच्या घरात बसवत असाल तर मालकाकडून आधीच चिठ्ठी घ्या आणि प्रश्न 6 मधला दांडा चिकटवण्याऐवजी नुसता खोबणीत बसवायला सांगा, म्हणजे पट्टे लावून मूर्ती सरळ वर उचलता येते.

21. पाया खणताना खाली कोरीव दगड लागला. काय करू?

काम थांबवा, दगड जागेवरून हलवू नका, धुऊ नका. आहे तसा फोटो काढा आणि पणजीच्या पुरातत्त्व खात्याला कळवा. मजुरांना पहार बाजूला ठेवायला सांगा आणि खड्ड्यावर ताडपत्री घाला, विशेषतः आभाळ भरून आलं असेल तर.